सेवा करणं आणि मदत घेणं : पाळक, वडील आणि मंडळीच्या पुढाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, सातारा, वाई, कऱ्हाड या पट्ट्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चच्या सभासदांच्या समुदायांमध्ये) पाळक (धर्मगुरू), वडील (मंडळीचा कारभार बघणारे ज्येष्ठ), डीकन (मंडळीचे सेवक), तरुण संघाचे आणि महिला मंडळाचे पदाधिकारी हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. सेवा कशी करायची हे बहुतेकांना ठाऊक असतं. गाडी अडते ती मदत घेण्यापाशी, म्हणून उत्तरांचा भरही तिकडेच जास्त आहे.

पुढाऱ्यानेच मदत मागितली तर मंडळी त्याला दुबळा समजणार नाही का?

येशूने किती वेळा मागितलं ते एकदा मोजून बघा. विहिरीवर पाणी मागितलं, तेही एका शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांच्यापासून लांब राहत त्या समाजातल्या, बाईकडे. बोलण्यासाठी शिमोनाची होडी मागितली, यरुशलेमेत जाताना शिंगरू मागवलं, वल्हांडणाच्या सणासाठी माडीवरची खोली मागितली. लूक ८:१-३ मध्ये तर स्पष्टच आहे की मरीया मग्दालीया, योहान्ना, सुसान्ना आणि इतर बायका आपल्या पैशातून त्याची आणि शिष्यांची सोय बघत होत्या. गेथशेमाने बागेत त्याने तिघा शिष्यांना जागं राहायला सांगितलं. ते झोपले, पण मागताना तो संकोचला नाही.

मार्क १०:४५, म्हणजे सेवा करून घ्यायला नव्हे तर सेवा करायला आलो हे वचन, आपण मदत नाकारण्यासाठी वापरतो. ते त्या जागचं नाही. त्याच्या आधीच्या ओळींत याकोब आणि योहान हे शिष्य उजव्या-डाव्या हाताची आसनं मागत आहेत. तिथे विषय सत्ता गाजवण्याचा आहे, तहान लागल्यावर पाणी मागण्याचा नाही.

मान जातो तो दुसऱ्याच कारणाने. पुढारी वर्षभर "सगळं ठीक आहे" म्हणतो आणि एखाद्या दिवशी कमिटीच्या मीटिंगमध्ये "मी एकटाच मरतोय, तुम्हाला काय पडलंय" म्हणून फुटतो. लोक दुखावतात, कारण त्यांना तोवर कोणी काही सांगितलेलंच नसतं.

"प्रत्येकाने आपला भार वाहावा" असंही पवित्र शास्त्रात आहे ना?

आहे, गलती ६:५. पण तीनच वचनं आधी, ६:२ मध्ये, "एकमेकांची ओझी वाहा" असंही आहे. मूळ ग्रीकमध्ये दोन ठिकाणी दोन वेगळे शब्द आहेत. पाचव्या वचनातला फोर्तिऑन म्हणजे ज्याचा त्याने न्यायचा बोजा, दुसऱ्या वचनातला बारोस म्हणजे दाबून टाकणारं वजन. आपल्या भागात हंगामात उसाच्या फडावर दोन्ही दिसतात. आपली पाण्याची कळशी आणि भाकरीचं गाठोडं ज्याचं तो आणतो. पण मोळी डोक्यावर घेताना दुसऱ्याचा हात लागतोच, आणि तो हात मागण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

व्यवहारात फरक असा ओळखा. रोजची तयारी, अभ्यास, स्वतःची प्रार्थना, घरची जबाबदारी हा तुमचा बोजा, तो दुसऱ्यावर टाकू नका. आजारपण, मयत, पूर, कर्ज, मुलाचं व्यसन ही मोळी आहे.

येशूने शिष्यांचे पाय धुतले त्या आठवणीत पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी आम्ही करतो. तो नुसता देखावा होऊ नये म्हणून काय करावं?

बहुतेक ठिकाणी बारा जण निवडतात, ते घरून पाय घासूनपुसून येतात, पाळकसाहेब दोन थेंब पाणी टाकतात आणि फोटो निघतो. थोडे बदल केले तरी विधी जिवंत होतो.

बारामध्ये फक्त वडील आणि पदाधिकारी नकोत. चर्चची झाडलोट करणारा माणूस, शाळकरी मुलगी, नुकतीच विधवा झालेली बाई, चर्चच्या दारावर उभा राहणारा रखवालदार हेही हवेत. मात्र आदल्या आठवड्यात विचारून होकार घ्या; ऐनवेळी उठवलं तर माणूस अवघडतो. स्त्रियांचे पाय धुवायला महिला मंडळातली वडीलधारी बाई असावी.

माणशी साधारण १ लिटर कोमट पाणी, म्हणजे १२ लिटर आणि वर थोडं जास्त. एक तांब्या, दोन परात किंवा टब, १२ वेगळे टॉवेल. प्रत्येकाला नवं पाणी ओता, एकाच परातीत बारा जणांचे पाय बुडवू नका. मधुमेही माणसाच्या पायाला जखम असेल तर ती चोळायची नाही, पाणी गरम नको आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. वापरलेलं पाणी उचलून नेण्याचं कामही पुढाऱ्यानेच करावं. तेच काम सगळे टाळतात.

आणि तेरावी खुर्ची मांडा, पाळकाची; तिच्यासाठी टॉवेल आणि पाणी वेगळं ठेवा. योहान १३ मध्ये अडखळला तो पेत्र, आणि तो पाय धुवायला नाही, धुऊन घ्यायला तयार नव्हता. पाळकाचे पाय मंडळीतल्या सगळ्यात कमी मान मिळणाऱ्या माणसाने धुवावेत. तिथे बसणं पाळकाला जड जातं, आणि विधीचा खरा अर्थ त्या खुर्चीत आहे.

सगळी कामं माझ्यावरच येतात. वाटून कशी द्यायची?

निर्गम १८ मध्ये इथ्रो जावयाला, म्हणजे मोशेला, म्हणतो ते ऐका: तू करतोस ते बरं नाही, तूही झिजशील आणि हे लोकही झिजतील. लोक झिजतील हा अर्धा भाग आपण विसरतो. सकाळपासून रांगेत उभं राहणाऱ्यांचेही हाल होतच होते.

आधी एक आठवडा वहीत प्रत्येक काम लिहा: फोन, दाखले, माईकची जोडणी, किल्ली, भेटी, पावत्या, सगळं. मग प्रत्येकापुढे खूण करा की हे पाळकालाच करावं लागतं का. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये प्रेषितांनी प्रार्थना आणि वचनाची सेवा हातात ठेवली आणि वाढण्याचं काम सात जणांना दिलं. त्यांनी ते काम हलकं मानलं नाही. त्यासाठी आत्म्याने आणि ज्ञानाने भरलेली माणसं मागितली. तक्रार ग्रीक बोलणाऱ्या विधवांची होती आणि निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्यातूनच कारभारी नेमले असं त्यावरून दिसतं. आपल्याकडे हे क्वचित घडतं.

काम देताना तीन गोष्टी एकत्र द्या: काम, किल्ली आणि खर्चाचा अधिकार. नाताळच्या सजावटीची जबाबदारी दिली, पण प्रत्येक शंभर रुपयांसाठी खजिनदाराकडे पाठवलं, तर तो मुलगा पुढच्या वर्षी येणार नाही. पहिल्यांदा तुम्ही करा आणि त्याने बघावं. दुसऱ्यांदा दोघांनी मिळून करा. तिसऱ्यांदा त्याने करावं आणि तुम्ही मागच्या बाकावर बसा. चौथ्यांदा तिथे जाऊच नका. आणि त्याने मांडलेल्या खुर्च्या त्याच्यासमोर पुन्हा सरळ करू नका. काम वाटून देण्याचे बेत इथेच सर्वात जास्त फसतात.

लोक म्हणतात, "काही लागलं तर हक्काने सांगा." पण सांगायचं कसं, हेच कळत नाही.

हे वाक्य खोटं नसतं, अपुरं असतं. समोरच्याला काय करायचं ते माहीत नसतं आणि तुम्हाला तोंड उघडवत नाही, म्हणून दोघंही तिथेच थांबतात.

मागण्याचा उत्तम नमुना २ तीमथ्य ४ मध्ये आहे. प्रेषित पौल तुरुंगात आहे, थंडी येते आहे. तो "माझ्यासाठी काहीतरी करा" असं लिहीत नाही. झगा आण, तो त्रोवसला कार्पाकडे राहिला आहे, पुस्तकंही आण, त्यातही चर्मपत्रं, आणि हिवाळ्याआधी ये, असं लिहितो. वस्तू, ठिकाण, कोणाकडे, केव्हापर्यंत. शिवाय मार्कालाही बरोबर घेऊन ये म्हणतो, म्हणजे ज्याच्यावरून पूर्वी बर्णबा या सोबत्याशी बिनसलं होतं, त्याचीही मदत मागतो.

तुमचं वाक्य त्याच साच्यात बसवा. "आईला मंगळवारी सकाळी ९ वाजता मिरजेला तपासणीला न्यायचं आहे. तुमची गाडी दुपारी १ पर्यंत मिळेल का? पेट्रोल मी घालतो. जमत नसेल तर मोकळेपणी सांगा, मी रिक्षा बघतो." यात काम आहे, वेळ आहे, शेवट आहे आणि नकाराला वाट आहे. ही शेवटची वाट फार महत्त्वाची. पाळकसाहेबांना नाही म्हणणं आपल्याकडे लोकांना जमत नाही. ते हो म्हणतात आणि घरी जाऊन भांडतात. म्हणून विचारा फोनवर किंवा घरी, उपासनेनंतर चारचौघांत नको. त्याच माणसाला महिन्यात दुसऱ्यांदा विचारण्याआधी दुसरं नाव शोधा.

व्यासपीठावरून स्वतःची गरज सांगू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. ती एखाद्या वडिलांनी सांगावी. आणि प्रार्थनेतून सुचवणं, म्हणजे "प्रभू, तुझ्या दासाची गाडी बंद पडली आहे हे तू जाणतोस" असं मोठ्याने म्हणणं, अजिबात नको. ज्याच्याकडे मागायचं त्याच्याकडेच सरळ मागा.

गरीब घरातून आलेली मदत घ्यायला मन धजत नाही. नाकारली तर चालेल का?

शक्यतो नाकारू नका. एलीया संदेष्ट्याने सारफथच्या विधवेकडे आधी पाणी आणि मग भाकर मागितली, तेव्हा तिच्या मडक्यात मूठभरच पीठ होतं.

आपल्याकडे याला आणखी एक धार आहे. कित्येक घरांनी पिढ्यान् पिढ्या हे सोसलं आहे की मोठा माणूस दारात येतो, बोलतो, पण पाणी पीत नाही. त्या घरात पाळक किंवा वडील "नको, आत्ताच झाला चहा" म्हणतात, तेव्हा ते वाक्य सभ्यपणाचं म्हणून ऐकू येत नाही. ते जुनं वाक्य म्हणून ऐकू येतं. एका दुपारी सहा घरी चहा होत नसेल तर अर्धा कप मागा, साखर चालत नसेल तर बिनसाखरेचा मागा, तेही नको असेल तर पाणी मागून प्या. पण काहीतरी घ्या, आणि बसून घ्या.

कोणी चार अंडी, शेतातली मेथी किंवा हरभऱ्याचे डहाळे आणले तर घ्या आणि त्याच आठवड्यात "भाजी आम्ही केली" हे कळवा. रक्कम मोठी असेल आणि घरात मुलांची फी थकली आहे हे तुम्हाला माहीत असेल, तर थोडी ठेवून बाकीची त्या घरातल्या कर्त्या बाईशी बोलून परत करा, कोणाला न कळता.

कोणाची मदत घेऊ नये?

ज्याचा विषय तुमच्या कमिटीपुढे आहे त्याची. चर्चच्या बांधकामाचं कंत्राट मागणाऱ्याची. निवडणुकीच्या दिवसांत अचानक आलेली खुर्च्यांची किंवा स्पीकरची देणगी. दिल्यावर "माझं नाव कोनशिलेवर" म्हणणाऱ्याची. ज्याची मदत घेतल्यावर त्याला चूक दाखवायला तुमची जीभ अडखळेल, त्याचीही.

पौलाने करिंथमध्ये मदत घेतली नाही, पण तिथेच असताना मासेदोनियातल्या भावांकडून घेतली (२ करिंथ ११:९). म्हणजे तो मदत घेण्याच्या विरोधात नव्हता. कुठल्या हाताला दोरी बांधलेली आहे हे त्याला कळत होतं.

पैशाच्या मदतीचे नियम काय असावेत?

मंडळीसाठीचा पैसा पाळकाच्या वैयक्तिक यूपीआयवर कधीही घेऊ नका, एक दिवसासाठीसुद्धा. चर्चचा क्यूआर कोड चर्चच्या खात्याचाच असावा. अर्पण एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या दोघांनी त्याच दिवशी मोजावं, चिठ्ठीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि सोमवारी बँकेत भरावं. अर्पण नेताना पौलानेही मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला, कोणी बोट दाखवू नये म्हणून (२ करिंथ ८:१९-२१). पौलाला जे लागलं ते आपल्यालाही लागतं.

पाळकाच्या कुटुंबाला वैयक्तिक मदत आली तर ती खजिनदाराला कळवून वहीत लिहावी. आकडा सगळ्यांना सांगण्याची गरज नाही, पण दोघांना माहीत असावा. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेल्या भेटींची बेरीज ५०,००० रुपयांच्या वर गेली की आयकरात ती सगळी रक्कम करपात्र ठरते. पदामुळे मिळालेली रक्कम त्याहून कमी असली तरी उत्पन्न धरली जाऊ शकते, म्हणून सीएला विचारा. मंडळीच्या कामासाठी परदेशातून येणारा पैसा एफसीआरए (परदेशी देणग्यांचं नियमन करणारा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेनेच घ्यायचा, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. "पाहुण्याने माझ्या खात्यावर पाठवले" ही सबब कायद्यापुढे टिकत नाही.

तरुण संघाची मुलं पाळकाच्या घरची कामं करतात. हीही सेवाच ना?

नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडून काढून घेतलेलं काम ही मदत नव्हे. घर बदलताना दहा मुलं सामान उचलायला आली, जेवली आणि गेली, हे ठीक. दर शनिवारी एकच मुलगी भांडी घासायला आणि एकच मुलगा गाडी धुवायला येत असेल तर थांबवा. काम नेहमीचं असेल तर मजुरी द्या. अल्पवयीन मुलांना एकटं घरी बोलावू नका, आणि पालकांना माहीत नसताना तर मुळीच नाही.

पाळकाच्या बायकोने मंडळीचं किती करावं?

तिला पगार नाही आणि तिची नेमणूकही नाही. ती मंडळीची सभासद आहे, बाकीच्या बायकांइतकीच. पाहुण्या वक्त्यांचं जेवण दर वेळी तिच्याच गळ्यात पडत असेल, तर कमिटीने घरांची पाळी लावावी किंवा खर्च द्यावा.

पुढारी आजारी पडला, दवाखान्यात आहे. मदत कशी आखावी?

मिरजेत १८९४ साली मिशन हॉस्पिटल सुरू झालं, आणि कर्नाटकातूनही रुग्ण येत आले आहेत. त्यामुळे इथल्या मंडळ्यांना परगावच्या रुग्णांचं करायची सवय आहे. आपलाच पुढारी खाटेवर असला की मात्र सगळे एकदम धावतात. पहिल्या दिवशी सात डबे, पाचव्या दिवशी एकही नाही.

एकाच माणसाला समन्वयक नेमा. तो घरच्यांपैकी नको, आणि पाळक स्वतः तर नकोच. एका कागदावर १४ दिवस आखा: डबा, रात्री थांबणारा, मुलांना शाळेत सोडणारा. डबा दोनच माणसांचा आणि पथ्याचा. डॉक्टरांनी मीठ किंवा तेल कमी सांगितलं असेल तर ते कागदाच्या वरच लिहा. भेटायला एका वेळी दोघं, दहा मिनिटं. खाटेवर बसू नये, "आमच्या मेहुण्यालाही असंच झालं आणि तो गेला" ही कथा सांगू नये. प्रार्थना दोन मिनिटांची, हलक्या आवाजात. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने मागितली तरच त्याच्यासाठी. पैसे लागत असतील तर पाकीट रुग्णाच्या उशाखाली नको, बिल भरणाऱ्या नातेवाइकाच्या हातात द्या.

आजारी पुढाऱ्याचं काम एवढंच, की फोन बंद ठेवायचा आणि रविवारचा उपदेश कोण करणार हे विचारायचं नाही.

पुरात पुढाऱ्याचंच घर बुडालं तर?

सांगलीकरांना २००५, २०१९ आणि २०२१ वेगळं सांगायला नको. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. ४० ची वाट न बघता, कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की बाप्तिस्मा आणि लग्नाची रजिस्टरं, प्रभुभोजनाची भांडी, पेटी आणि तबला वरच्या मजल्यावर न्या. त्यासाठी चार जणांची नावं जूनमध्येच ठरलेली हवीत.

घर सोडायला सांगितलं की पुढाऱ्याने सोडावं. "सगळे निघाल्यावर मी निघेन" हे ऐकायला चांगलं वाटतं, पण त्याच्यासाठी बोटीला पुन्हा फेरी मारावी लागते. आणि बोटीत जितके बसवायला सांगतील तितकेच बसा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ माणसांनी भरलेली बोट उलटून लोक बुडाले.

पाणी ओसरल्यावर चिखल ओला असतानाच काढायचा. वाळला की फरशीला घट्ट धरतो. एका घराला सहा ते आठ माणसं, चार फावडी, सहा घमेली, खराटे आणि पाण्याचा पाइप. वीज मिस्त्रीने तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करायचा नाही. बुडालेल्या घरांची यादी करा आणि पाळकाचं घर त्या यादीत त्याच्या गल्लीच्या क्रमाने येऊ द्या. पहिलं नको. शेवटचंही नको, नाहीतर "माझं राहू द्या" म्हणून पाळक तीन आठवडे ओल्या भिंतींत मुलं झोपवतो आणि मग सगळं घर आजारी पडतं.

बाहेरून मदत देऊ करणाऱ्यांना यादी पाठवा: गॅसची शेगडी, कोरडी अंथरुणं, शाळेची पुस्तकं, सॅनिटरी पॅड. यादी दिली नाही तर जुन्या कपड्यांचे ढीग येतात आणि ते हलवायलाच माणसं लागतात. तुम्ही वाटप करत असाल तर गल्लीतल्या सगळ्या घरांना द्या आणि पाकिटासोबत पत्रिका देऊ नका. भुकेल्या माणसाला धर्माची अट दिसली तर ती मदत राहत नाही.

ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांची मदत घ्यावी का?

जरूर. शोमरोनी बाईचं उदाहरण वर आलंच, आणि चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात आपण स्वतःला नेहमी मदत करणाऱ्याच्या जागी ठेवतो. कधीतरी रस्त्यात पडलेल्याच्या जागीही ठेवून बघा. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र जागा दिली होती. गणेश मंडळाच्या पोरांनी तुमच्या मयताला खांदा दिला, तर दफन झाल्यावर त्यांना चहाला थांबवा आणि नावानिशी आभार माना.

मी पार थकलो आहे. प्रार्थनाही होत नाही. हे अविश्वासाचं लक्षण आहे का?

१ राजे १९ वाचा. एलीया झाडाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला आधी बोल लावत नाही. भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून पुन्हा खायला घालतो. देवाची शांत, मंद वाणी फार पुढे येते.

म्हणून आधी शरीराचं बघा: आठवड्यातला एक पूर्ण दिवस सुट्टी (रविवार तुमची सुट्टी नसते), रक्तदाब आणि साखरेची तपासणी, रात्री दहानंतर फोन दुसऱ्या वडिलांकडे. मंडळीबाहेरचा एक माणूस ठरवा, दुसऱ्या गावचा पाळक असेल तर उत्तम, ज्याच्याशी महिन्यातून एकदा सगळं बोलता येईल. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, कशातच रस उरला नसेल, तर डॉक्टरांकडे जा. जगणं नको वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. टेली मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येतं.

मिळालेली मदत परत कशी फेडावी?

फिलिप्पै गावच्या मंडळीने एपफ्रदीत या माणसाच्या हाती पाठवलेलं पौलाला मिळालं, तेव्हा त्याने पोच दिली, मन भरून आभार मानले, आणि फेड देवावर सोपवली (फिलिप्पै ४:१८-१९). तुम्हीही आठ दिवसांत पोच द्या, काय उपयोग झाला ते एका वाक्यात सांगा. लगेच तेवढ्याच किमतीची भेट पाठवू नका. त्याने देणाऱ्याला वाटतं की हिशेब मिटवला.

आपल्याकडे शेजारचा डबा रिकामा परत पाठवत नाहीत, आणि ही रीत चांगलीच आहे. पण आजारपणाच्या त्या चौदा दिवसांत ती पाळू नका. डबा धुऊन, पुसून, रिकामा परत द्या.